मराठी मालिका लिहिणाऱ्या, बनवणाऱ्या आणि दाखवणाऱ्या सगळ्यांना: एकदा तरी हिरोइनचं 'नाही' तसंच राहू द्या

सप्रेम नमस्कार.

मी ठाण्यात सावरकर नगरला आठवी ते दहावीचा क्लास घेते, मराठी आणि इतिहास-भूगोल. तुमच्या मालिका बघते. रोज जमत नाही कारण शेवटची बॅच सुटायला साडेआठ होतात, पण रविवारचा महाएपिसोड सहसा चुकवत नाही, आणि घरी सासूबाई संध्याकाळी सातला जो रिमोट हातात घेतात तो साडेदहापर्यंत कोणाला देत नाहीत त्यामुळे मधलं राहिलेलं सगळं मला जेवताना कळतं. तेव्हा हे पत्र मालिकांना नाकं मुरडणाऱ्या कोणाचं आहे असं समजू नका. दिवसभर राबलेल्या बाईला संध्याकाळी कोणीतरी गोष्ट सांगतं, तिच्या भाषेत सांगतं, याची मला किंमत आहे.

तुम्हालाच थेट लिहावंसं वाटलं त्याला अजून एक कारण आहे. तुमच्या कितीतरी मालिकांचे सेट इथेच घोडबंदर रोडला आहेत, कितीतरी लेखक आणि कलाकार मंडळी ठाण्यातच राहतात, गडकरी आणि घाणेकर नाट्यगृहात प्रयोगाला दिसतात. तुमच्या युनिटच्या गाड्या माजिवड्याला, मानपाड्याला ज्या सिग्नलला अडकतात त्याच्याच बाजूला टीएमटीच्या स्टॉपवर दप्तर घेऊन उभी असतात ती ही मुलं. त्यांच्याबद्दलच बोलायचंय.

चौदा-पंधरा-सोळा वर्षांच्या पोरांना प्रेम म्हणजे काय, आपला जोडीदार कसा असावा, त्यानं किंवा तिनं आपल्याशी कसं वागावं हे कळणार कुठून? घरी हा विषय निघतच नाही. आईबाबा मुलांसमोर बोलतात ते गॅसचा नंबर लावला का, सोसायटीचा मेंटेनन्स भरला का, एवढंच, त्यांच्यातलं प्रेम मुलांना दिसत नाही आणि भांडण मात्र दिसतं. शाळेत विज्ञानाच्या पुस्तकात प्रजननाचा धडा आहे, त्यात पेशी आहेत आणि आकृत्या आहेत, पण एखादी मुलगी आवडली आणि ती नाही म्हणाली तर त्या रात्री काय करायचं हे कुठल्याच धड्यात नाही. मग उरतं कोण? तुम्ही उरता. रोज रात्री ठरलेल्या वेळेला, वर्षानुवर्षं, आजी आई आणि नात एका सोफ्यावर बसून तुमचं बघतात. प्रेमाची एवढी सविस्तर शिकवणी या वयात मुलांना दुसरं कोणी देत नाही. म्हणून माझं म्हणणं तुमच्याकडे.

मागच्या पावसाळ्यात नववीतली एक मुलगी मला म्हणायला लागली, मॅम, दहा मिनिटं आधी सोडाल का. रोज काहीतरी कारण, कधी पोटात दुखतं, कधी पाहुणे येणारेत. एक दिवस मी गॅलरीत येऊन बघितलं तर खाली मेडिकलच्या बाजूला, आमच्या जिन्याच्या बरोबर समोर, दहावीच्या बॅचमधला एक मुलगा उभा होता. धो धो पाऊस, हातात छत्री, आणि छत्री मिटलेली. पूर्ण भिजलेला. ती उतरली की हा वीस-पंचवीस पावलं मागे ठेवून रिक्षा स्टँडपर्यंत जायचा. बोलायचा नाही, हात लावायचा नाही, नुसता मागे. तिनं त्याला स्पष्ट नाही सांगितलेलं होतं, एकदा तर मैत्रिणींसमोर. आणि त्या मैत्रिणींनाच हे सगळं किती गोड वाटत होतं! त्याचा भिजलेला फोटो त्यांनी ग्रुपवर टाकला होता, बदाम लावून.

मी त्याला बसवून घेतलं. मुलगा वाईट नाही हो, अजिबात नाही. आई पोळीभाजी केंद्र चालवते, हा शाळेतून आला की डबे पोचवतो, मग क्लासला येतो. मी विचारलं, ती नाही म्हणालीय ना तुला? तर अगदी शांतपणे म्हणाला, 'मॅम, सुरुवातीला सगळ्याच नाही म्हणतात.' कोण सगळ्या, विचारलं तर त्यानं मला नावं सांगितली, आणि ती सगळी तुमच्या हिरोइनींची नावं होती. कुठल्या मालिकेत हिरो तिच्या बिल्डिंगखाली रात्रभर पावसात उभा होता आणि सकाळी तिनं खिडकी उघडली हे त्याला एपिसोडसकट पाठ होतं. मग मी म्हटलं अरे पण छत्री होती ना हातात, ती का नाही उघडलीस? तर म्हणाला, 'छत्री घेऊन उभं राहिलं तर तिला कसं कळणार?'

हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. कारण त्याच्या हिशोबानं तो त्रास देतच नव्हता, तो प्रेम सिद्ध करत होता, जसं तुम्ही दाखवलंत तसं, मन लावून.

आणि आता तिची बाजू ऐका, जी तुमच्या एपिसोडमध्ये कधी येत नाही. तिला पाऊस पडायला लागला की पोटात गोळा यायचा. तिनं मेन रोड सोडून गॅरेजच्या मागच्या बोळातून जायला सुरुवात केली होती जिथे रात्री लाइटसुद्धा नसतो, म्हणजे ज्याच्यापासून पळत होती तो बरा म्हणावा असा रस्ता. घरी सांगितलं तर आई म्हणाली तूच काहीतरी हसली-बोलली असशील. क्लास सोडायच्या बेतात होती पोर. तिला मागून कुठलंही टायटल साँग ऐकू येत नव्हतं, फक्त चपलांचा आवाज येत होता.

तुम्हाला माहीत असेलच की याला कायद्यात गुन्हा म्हणतात. २०१३ साली भारतीय दंड संहितेत ३५४ ड हे कलम आलं, आता भारतीय न्याय संहितेत ते कलम ७८ आहे, आणि त्यात लिहिलंय ते जवळजवळ तुमच्या पहिल्या शंभर एपिसोडचं वर्णन आहे: बाईनं स्पष्टपणे नको म्हटल्यावरही तिच्या पुन्हा पुन्हा मागे जाणं, तिच्याशी संपर्क साधायचा प्रयत्न करणं. पहिल्यांदा दोषी ठरला तर तीन वर्षांपर्यंत शिक्षा, पुन्हा केलं तर पाच. सोळा वर्षांचा असेल तर बाल न्याय मंडळासमोर जाईल पण जाईल. मला त्या मुलाला तिथे पाठवायचं नव्हतं आणि पाठवलं नाही, त्याच्या आईला बोलावलं, आम्ही तिघं बसलो, बरेच दिवस गेले, त्याच्या आईनंच जास्त समजावलं आणि तो थांबला. पण प्रत्येक मुलाला अशी आई मिळतेच असं नाही.

त्यानंतर मी मालिका बघताना थोडं नीट बघायला लागले. मनगट. तुमच्याकडे मनगट किती वेळा धरलं जातं हे तुम्ही कधी एडिटला बसून बघितलंय का? ती निघून जायला वळते, तो मनगट धरतो, ओढतो, ती त्याच्यावर आदळते, केस उडतात, स्लो मोशन, तीनदा तीन अँगलनी, आणि मग व्हायोलिन किंवा बासरी. तिच्या चेहऱ्यावर आधी राग असतो आणि मग तुम्ही कॅमेरा जवळ नेता आणि रागाचं लाजणं होतं. हा जो बदल आहे ना, रागाचं लाजणं होण्याचा, तोच शिकवला जातो. मुलगा शिकतो की आधी राग येईल पण थोडं ताणून धरलं की लाजणार आहे. मुलगी शिकते की राग आला तरी आपण लाजायला पाहिजे, नाहीतर आपणच खडूस. हीच कृती खलनायक करतो तेव्हा म्युझिक बदलतं आणि आम्हा सगळ्यांना लगेच कळतं की हे वाईट आहे. म्हणजे हात तोच, मनगट तेच, ठरवतं कोण तर तुमचा बॅकग्राउंडवाला.

माझं मत आहे असं नुसतं म्हणत नाही, यावर अभ्यास झालेत. मिशिगन विद्यापीठातल्या ज्युलिया लिपमन यांनी बायकांना सिनेमे दाखवून बघितलं, काहींमध्ये मागे लागणं रोमँटिक दाखवलेलं आणि काहींमध्ये भीतीदायक. रोमँटिकवालं बघून ज्या त्यात गुंगून गेल्या किंवा ज्यांना ते खरं वाटलं त्या 'मागे लागणं म्हणजे खरं प्रेम, त्यात एवढं काय' असल्या समजुतींना जास्त मान द्यायला लागल्या. आणि भीतीदायक बघितलेल्यांमध्ये उलट. आता एक सिनेमा बघून हे होत असेल तर दोन-दोन वर्षं रोज अर्धा तास बघून काय होईल? आणि गुंगून जाणं म्हणाल तर मालिकेतलं लग्न असलं की आमच्या शेजारच्या काकू त्या दिवशी गोड करतात.

मुलींचं वेगळंच आहे आणि मला त्याची जास्त काळजी वाटते. दहावीच्या बॅचमधली एक मैत्रिणींना सांगत होती, तो माझ्याबद्दल खूप पझेसिव्ह आहे गं. आणि सांगताना चेहरा कौतुकानं फुललेला. काय करतो तो? इन्स्टाचा पासवर्ड मागून घेतलाय, वर्गातल्या एका मुलाला अनफॉलो करायला लावलंय, क्लासच्या येऊरच्या ट्रिपला जाऊ नकोस म्हणाला म्हणून ही आली नाही, रात्री अकराला ऑनलाइन दिसली तर कोणाशी बोलतेस म्हणून लगेच फोन. मी वह्या तपासत बसले होते, कान तिकडेच. बाकीच्या मुली ऐकत होत्या आणि त्यातली एक म्हणाली, 'माझा तर कधी विचारतसुद्धा नाही कुठे आहेस, कोणाबरोबर आहेस.' तक्रार म्हणून म्हणाली. तिला वाटत होतं तिच्या वाट्याला कमी प्रेम आलंय.

जो मुलगा तिच्यावर विश्वास ठेवतो तो तिला कमी वाटतो. हे कुठून आलं? तुमचा हिरो आठवा. तो धड कोणाशी बोलत नाही, सतत कपाळाला आठ्या, चिडला की भिंतीवर मूठ मारतो, हातातला ग्लास फोडतो, रक्त येतं आणि मग ती ओढणी फाडून पट्टी बांधते. ती ऑफिसमधल्या कोणाशी हसून बोलली की याचा जळफळाट होतो आणि तो जळफळाट म्हणजे पुरावा, की बघा याचं प्रेम आहे. सरळ स्वभावाचा, हसणारा, वेळेवर येणारा, 'तुला काय वाटतं' असं विचारणारा मुलगा तुमच्या मालिकेत असतो, नाही असं नाही, पण तो हिरोचा मित्र असतो किंवा ज्याच्याशी ठरलेलं लग्न मोडायचंय तो असतो. पंधरा वर्षांच्या मुलीनं यातून काय घ्यायचं सांगा.

दिवाळीच्या सुट्टीआधी मी नववी-दहावीला चिठ्ठ्या लिहायला सांगितल्या, नाव न घालता, पुढे कधीतरी जोडीदार हवा असेल तर कसा हवा. बऱ्याच मुलींनी लिहिलं काळजी घेणारा. छान वाटलं मला. मग वर्गात मोठ्यानं विचारलं की काळजी घेतो म्हणजे काय करतो, तर उत्तरं आली: पडताना पकडतो, कोणी छेडलं तर मारतो, दुसऱ्या मुलाशी बोललं तर चिडतो, न सांगता सगळं ओळखतो. ताप आला तर डॉक्टरकडे नेतो हे कोणी म्हणालं नाही, परीक्षेच्या दिवसात भांडण काढत नाही हे कोणी म्हणालं नाही. आणि मुलांच्या चिठ्ठ्या? घरच्यांना सांभाळून घेणारी, माझ्या आईचं ऐकणारी, जास्त न बोलणारी. पंधरा वर्षांच्या मुलांना आपल्या आईचं ऐकणारी हवी! तुमची सोशीक सून त्यांना पाठ झालीय, जिला घरातले सगळे छळतात, ती सगळं पोटात घालते आणि शेवटी म्हणून ती जिंकते. तिला उत्तर देणारी, केस कापलेली, नोकरीत वर चढलेली बाई कोण असते हेही त्यांना माहीत आहे. एकाच चिठ्ठीत फक्त एवढं होतं: जिच्याशी बोलता येईल अशी. कोणाची होती मी ओळखायचा प्रयत्न केला नाही.

ते 'न सांगता सगळं ओळखतो' यावर थोडं थांबते, कारण ते दिसायला निरुपद्रवी आहे. तुमच्या मालिकेत कोणी कोणाला काही विचारत नाही. तिनं लांबून बघितलं की तो दुसऱ्या मुलीचा हात धरून उभा आहे, तो तर तिला पडताना सावरत होता, पण ही विचारणार नाही, तो सांगणार नाही, दारामागून ऐकलेलं अर्धं वाक्य चार महिने पुरतं. मला कळतं की रोज एपिसोड काढायचा तर गैरसमज लागतो. पण मुलं यातून काय उचलतात तर बोलून दाखवावं लागलं तर ते प्रेमच नाही, खरा असेल तर त्याला कळेल. मग मुलगी रुसते, मुलाला कळत नाही, ती म्हणते याला माझी किंमत नाही, तो म्हणतो हिचं काय बिनसतं देव जाणे, स्टेटसवर दुःखी गाणी, ब्लॉक, अनब्लॉक, आणि एक प्रश्न विचारला असता तर दोन मिनिटांत मिटलं असतं.

पैशाचं पटकन सांगते. हिरोचा बंगला, मधोमध जिना, दारात तीन गाड्या. माझ्याकडे येणारी अर्धी मुलं लोकमान्य नगर, वागळे इस्टेट, किसन नगरच्या वन रूम किचनमधली. एका मुलानं मला विचारलं, गाडी नसेल तर आपल्याला कोण हो म्हणणार मॅम? मला उत्तर देता येईना.

अभ्यासाचं अजून थोडं सांगते कारण तुम्ही म्हणाल की एका क्लासवरून काय ठरवता. १९६० च्या दशकाच्या शेवटापासून अमेरिकेत जॉर्ज गर्बनर नावाच्या प्राध्यापकांनी वर्षानुवर्षं हेच तपासलं की सतत टीव्ही बघणाऱ्यांच्या डोक्यात जगाचं चित्र कसं तयार होतं, आणि त्यांना दिसलं की जास्त बघणाऱ्यांना खरं जग टीव्हीतल्या जगासारखं वाटायला लागतं, म्हणजे मारामाऱ्या जास्त बघितल्या तर जग आहे त्यापेक्षा जास्त धोक्याचं वाटतं. मग २००२ मध्ये ख्रिस सेग्रिन आणि रॉबिन नाबी यांनी लग्न न झालेल्या कॉलेजच्या मुलामुलींना विचारलं, तर जी रोमँटिक कार्यक्रम जास्त बघत होती त्यांच्या लग्नाबद्दलच्या अपेक्षा जास्त स्वप्नाळू निघाल्या. गंमत अशी की एकूण टीव्ही जास्त बघणाऱ्यांच्या अपेक्षा उलट कमी स्वप्नाळू होत्या, म्हणजे प्रश्न किती बघतात याचा नव्हता, काय बघतात याचा होता. म्हणून 'टीव्ही बंद करा' हे माझं म्हणणं नाहीच. डबा दोषी नाही, डब्यात काय भरलंय त्याचा प्रश्न आहे. आता यावर कोणी म्हणेल की स्वप्नाळू मुलंच मुळात तसलं बघत असतील, आणि ते बरोबर आहे, नुसतं विचारून घेतलेल्या माहितीत आधी काय आणि नंतर काय हे सांगता येत नाही. पण तो छत्री मिटून उभा होता तेव्हा त्यानं मला एपिसोड सांगितला होता, ते मी कसं विसरू.

तुमची उत्तरं मला माहीत आहेत, मुलाखतींमध्ये ऐकलीत. लोकांना आवडतं म्हणून दाखवतो, गुरुवारी टीआरपी येतो आणि तो आमचा निकाल असतो. मान्य, तुमच्या सगळ्यांची पोटं त्यावर आहेत, लाइटवाल्यापासून स्पॉटदादापर्यंत, आणि आकडा पडला तर मालिका गुंडाळतात हेही मी बघितलंय. पण टीआरपी सांगतो किती घरात चॅनेल लागलं होतं. मनगट धरलं म्हणून लागलं होतं का ते सांगत नाही. लोकं हिरोइनच्या आईच्या ऑपरेशनसाठी पण थांबतात, बहिणीच्या निकालासाठी पण थांबतात, माझ्या सासूबाई तर मालिकेतल्या आजोबांना पेन्शन मिळते का नाही यासाठी आठवडाभर जीव टाकून बसल्या होत्या.

दुसरं उत्तर असतं की पालकांनी लक्ष द्यावं. पालक सोबतच बसलेले असतात हो. आई तिथेच असते आणि हिरोनं हिरोइनला ओढलं की आईच म्हणते, बघ किती जीव आहे त्याचा तिच्यावर. तिलाही तुम्हीच शिकवलंय, ती तुमच्या आधीच्या मालिकांवर वाढलीय.

आणि तिसरं, की आताची मुलं टीव्ही कुठे बघतात, मोबाइल बघतात. मोबाइलवर काय बघतात? तुमच्याच मालिकेतले तीस सेकंद. तुमच्याच ऑफिशियल पेजवर टाकलेले, आणि मग फॅन पेजवर गाणं बदलून. एपिसोडमध्ये निदान आगापिछा तरी असतो, पुढे तो माफी मागतो, तिचे वडील त्याला चार शब्द सुनावतात. रीलमध्ये फक्त मनगट, आदळणं आणि केस उडणं, पुन्हा पुन्हा तेच.

तक्रार करायची सोय आहे, २०११ पासून बीसीसीसी म्हणजे चॅनेलवाल्यांनीच नेमलेली तक्रार परिषद आहे, निवृत्त न्यायमूर्ती असतात तिथे, न्यूज सोडून बाकी चॅनेलच्या तक्रारी ऐकतात. तिथे लिहायचं माझ्या मनात नाही. एक सीन कापून घेऊन मला काय मिळणार, मला नवीन सीन लिहून हवाय.

कारण तुम्ही केलंत तर होतं, हे मी मनापासून सांगतेय. १९८४ मध्ये दूरदर्शनवर 'हम लोग' लागायची, एपिसोड संपला की अशोक कुमार येऊन प्रेक्षकांशी बोलायचे, आणि त्या मालिकेला लोकांची लाखो पत्रं गेली, घरातल्या माणसाला लिहावीत तशी. रॉबर्ट जेन्सन आणि एमिली ऑस्टर यांचा २००९ चा अभ्यास आहे, आपल्याच देशातला, बिहार, हरियाणा, तमिळनाडूसारख्या राज्यांमधल्या गावांचा. ज्या गावात केबल आली तिथल्या बायकांमध्ये नवऱ्यानं मारलं तर चालतं असं म्हणणं कमी झालं, मुलगाच हवा हा हट्ट कमी झाला, घरातल्या निर्णयात त्यांचा शब्द वाढला. गावात कोणी भाषण द्यायला गेलं नव्हतं. बायकांनी मालिका बघितल्या, मालिकेतल्या बायका बाहेर पडत होत्या, कमवत होत्या, एवढंच. ब्राझीलमध्ये तर टीव्हीवरची छोटी कुटुंबं बघून खऱ्या घरांमधली मुलांची संख्या कमी झाली आणि पोरांची नावं मालिकेतल्या पात्रांवरून ठेवली गेली. एवढी ताकद आहे तुमच्या हातात. सरकारला वर्षानुवर्षं योजना राबवून जमत नाही ते तुम्ही भाजी निवडता निवडता लोकांच्या मनात घालू शकता.

मग घाला ना. एक सीन लिहा. त्याला ती आवडते, तो नीट विचारतो, ती म्हणते नाही, मला तसं वाटत नाही. तो म्हणतो बरं. आणि तो जातो. त्याला रडू दे, त्याच्या मित्राला त्याला तलावपाळीवर नेऊन भेळ खाऊ घालू दे, आठ-दहा एपिसोड त्याच्या दुःखाला द्या, ते दुःख खरं असतं आणि मुलांना ते बघायची फार गरज आहे, की नकार आला तर माणूस मोडतो आणि मग पुन्हा उभा राहतो. फक्त त्याला दारू पिऊन तिच्या दारात आणू नका, आणि तिला तीन महिन्यांनी पश्चात्ताप होऊ देऊ नका. कृपा करून तेवढं नको. तिचं नाही हे शेवटच्या एपिसोडपर्यंत नाहीच राहू दे आणि तरी ती चांगली मुलगी असू दे. आणि त्याला हिरोच ठेवा, त्याचं प्रेम पुढे दुसरीकडे जुळू दे जिथे ती पण हो म्हणेल.

मनगट धरलंच तर तिला म्हणू दे हात सोड, आणि त्यानं सोडावा, म्युझिक न वाजता. फोन तपासणारा हिरो असेल तर तिच्या मैत्रिणीला दिसू दे की ही आजकाल हसत नाही, बाहेर येत नाही. गैरसमज झाला तर त्याच एपिसोडमध्ये एकानं दुसऱ्याला फोन करून विचारू दे. भांडायला विषय कमी नाहीत, घराचे हप्ते आहेत, बदली आहे, आईवडिलांचं आजारपण आहे, कोणी नोकरी सोडायची हा प्रश्न आहे, त्यावर दोन माणसं आवाज न चढवता किंवा चढवून पण एकमेकांचं ऐकून कशी भांडतात हे बघायला मी स्वतः रोज साडेआठला धावत घरी जाईन. आणि तो जो हसणारा, विश्वास ठेवणारा, वेळेवर येणारा मुलगा आहे तुमचा, त्याला एकदा पोस्टरवर मधोमध उभा करा. त्याला चांगलं गाणं द्या. त्याच्यावर कॅमेरा तसाच फिरवा जसा तुम्ही त्या चिडक्यावर फिरवता, मग बघा मुलींच्या चिठ्ठ्यांमध्ये काय येतं.

तुमच्यातल्या कोणा लेखकाला असा सीन लिहावासा वाटला आणि मुलांसमोर वाचून बघायचा असेल तर माझा क्लास रविवारी बंद असतो, मी उघडेन. नववी-दहावीची मुलं येतील, नको म्हटलं तरी येतील. नाव, फोटो, मोबाइल यातलं काही होणार नाही याची जबाबदारी माझी, पालकांना मी आधी विचारून ठेवते. फक्त वाचून झाल्यावर आधी मुलींना बोलू द्या, मुलगे मध्ये बोलायला लागले तर मी थांबवेन. आपल्या कॅडबरी जंक्शनपासून सावरकर नगरला रिक्षा मिळते, मोठी गाडी गल्लीत येत नाही.

आपली,
सावरकर नगर, ठाणे इथल्या क्लासच्या बाई